पूर्वजांचा शोध : ऋण कीं अभिमान?

मनुष्य मरतो आणि त्याच्या मागें कांहीं ओळी राहतात. कोणाच्या मागें साप्ताहिकांतील वीस ओळींचा मृत्युलेख राहतो, कोणाच्या मागें दफनाच्या वहींतील एक ओळ राहते, आणि पुष्कळांच्या मागें तीहि राहत नाहीं. अलीकडे आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत या ओळी शोधण्याची ओढ बरीच वाढली आहे. कोणी जुन्या अंकांचीं बांधीव पुस्तकें चाळून पणजोबांचा मृत्युलेख शोधतो. कोणी पाळकाच्या दारीं येऊन बाप्तिस्म्याची जुनी वही पाहावयास मागतो. कोणी तहसील कचेरींत हेलपाटे घालून कोतवाल बुकाची नक्कल मिळवितो. त्यांस 'हें कशासाठीं?' असें विचारलें म्हणजे तीन प्रकारचीं उत्तरें मिळतात. एक म्हणतो, दाखल्यासाठीं. दुसरा म्हणतो, आपले लोक कोण होते तें मुलांना कळावें म्हणून. तिसरा जरा घुटमळतो आणि म्हणतो, 'आमचें घराणें मूळचें फार मोठें होतें असें घरांत सांगतात. तें खरें निघतें कीं काय, एवढेंच पाहावयाचें आहे.'

हीं तिन्ही उत्तरें माणसाच्या स्वभावाला धरून आहेत, व त्यांपैकीं एकाचीहि थट्टा करणें योग्य नव्हे. परंतु तिसऱ्या उत्तराच्या पोटीं एक प्रश्न दडलेला आहे, व तो तिघांनाहि लागू आहे. घराणें मोठें निघालें नाहीं तर काय? वहींत सांपडलेला मनुष्य मान वाढविणारा नसून मान खालीं घालावयास लावणारा असला, तर शोधणारा त्याला आपला म्हणेल, कीं वही मिटून मुकाट्यानें घरीं जाईल? पूर्वजांचा शोध हें ऋण फेडणें आहे कीं अभिमान पोसणें आहे, याचा निकाल येथेंच लागतो. या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, कोणतीहि वही आपल्या नातवंडांच्या सोयीसाठीं लिहिली गेली नाहीं. लिहिणाराचें स्वतःचें कांहीं काम होतें, व त्या कामापुरतीं नांवें त्यानें टिपलीं. नाशिक, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यांपाशीं नामावळ्या असतात. यात्रेकरू आला कीं त्याच्या आजापणजांचीं नांवें उपाध्याय काढून दाखवितो व त्याचेंहि नांव लिहून ठेवितो. दक्षिण महाराष्ट्रांत व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक बैलावर बसून गांवोगांव येत व आपल्या आश्रयदात्यांच्या पिढ्या म्हणून दाखवीत. हीं मोठीं साधनें होत, यांत संशय नाहीं. परंतु ज्यांस तीर्थाचा खर्च परवडला नाहीं, किंवा ज्यांस तेथील देवळाची पायरी चढूं दिली नाहीं, त्यांच्या पिढ्या या वह्यांत सांपडणें कठीण. ज्या नाशकांत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं १९३० सालापासून सत्याग्रह करावा लागला, तेथील नामावळ्यांत त्या सत्याग्रह्यांच्या आज्यापणज्यांस कितीशी जागा मिळाली असेल?

सरकारी दप्तराचीहि तीच गोष्ट. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापविले. हे कागद बहुतेक मोडी लिपींत आहेत, म्हणून त्यांचें वाचन करणारा मनुष्य आधीं शोधावा लागतो. त्यांत जमीन, सारा, इनाम, वतन, तंटे व निवाडे यांचा मजकूर आहे. ज्याच्या नांवें जमीन होती त्याची ओळ सांपडते. ज्याच्या वाट्याला कामाची पाळी व बलुतें होतें त्याचीहि कधीं कधीं सांपडते. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानें बंद झालीं. तोंवर जे वतनाचे वाद झाले, त्यांच्या कागदांत महार बांधवांच्या कित्येक पिढ्यांचीं नांवें आलीं आहेत. म्हणजे ज्या वेठीनें त्यांचा जन्म झिजविला, तिच्याच कागदांत त्यांचें नांव राहिलें. परंतु ज्याला ना जमीन ना वतन, जो आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं मोलमजुरी करून पोट भरीत होता, त्याचें नांव लिहून ठेवण्याचें कोणाला काय कारण होतें?

खानेसुमारीनें तरी प्रत्येकाचें नांव घेतलें असेल, असें कोणी म्हणेल. घेतलें खरें. इंग्लंडांत घरोघरच्या खानेसुमारीचे तक्ते शंभर वर्षांनीं लोकांस पाहावयास मिळतात, व १९२१ चे तक्ते २०२२ सालीं खुले झाले. अमेरिकेंत बाहत्तर वर्षांनीं मिळतात, व १९५० चे त्याच वर्षीं खुले झाले. आमच्या देशांत मात्र १८७२ पासून मोजणी होत आली असली, तरी बेरीज करून आंकडे ठेविले आणि माणसांच्या नांवांचे तक्ते नाहींसे केले. त्यामुळें आमच्या आजापणजांची गणना झाली, परंतु त्यांचीं नांवें उरलीं नाहींत.

या पार्श्वभूमीवर आमच्या मंडळ्यांच्या जुन्या वह्यांकडे पाहिलें म्हणजे त्यांचें मोल कळतें. अमेरिकन मराठी मिशनाचें काम १८१३ सालीं मुंबईंत सुरू झालें व १८३१ सालीं तें अहमदनगरास गेलें. त्याच नगरास १८४२ सालीं 'ज्ञानोदय' निघूं लागला. अशा मिशनांच्या मंडळ्यांत बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. नांव, वय, आईबाप, गांव, तारीख, आणि संस्कार करणाराची सही, इतकें त्या ओळींत असे. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ज्या माणसाला गांवांत कोणी पुऱ्या नांवानें हांक मारीत नव्हतें, त्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव व त्याच्या गांवाचें नांव शाईनें लिहून त्यापुढें तारीख घालणें, हें त्या काळीं लहान काम नव्हतें. पुष्कळ घराण्यांत लिखित स्वरूपांत सांपडणारा पहिला पूर्वज हाच होय.

आणि याच वह्यांत पुष्कळांचा रस्ता बंदहि होतो. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत शेंकडों पोरकीं लेंकरें मिशनांच्या आश्रयास आलीं. पंडिता रमाबाईंनीं १८९७ सालीं मध्यप्रांतांतून व १९०० सालीं गुजराथेंतून दुष्काळपीडित मुली आणून केडगांवास त्यांचा सांभाळ केला, हें सर्वांस माहीत आहे. आतां चार वर्षांच्या मुलाला बापाचें नांव विचारलें तर तें काय सांगणार? त्याच्या लेखीं बापाचें नांव 'बा' एवढेंच. गांवाचें नांव विचारलें तर तें हात करून दिशा दाखविणार. लिहिणारानें बापाच्या रकान्यांत रेघ ओढली, आणि त्या एका रेघेपाशीं कित्येक घराण्यांची वंशावळ आज येऊन थांबते.

वह्या कोणाच्या व कशासाठीं, हें सांगितल्यावर त्या वाचाव्या कशा याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे; कारण चुकीच्या वाचनानें परक्याचा पूर्वज आपला होतो आणि आपला परका राहतो. मृत्युलेखांत मृत्यूची तारीख बहुधा खरी असते, कारण ती ताजी असते. परंतु जन्माचें वर्ष शोकाकुल नातलगांनीं अंदाजानें सांगितलेलें असतें. वय साठ असें छापलेलें असेल तर तें सत्तावन्नहि असूं शकेल व चौसष्टहि. आमच्या लोकांत वय पांचांच्या व दहांच्या हिशोबानें सांगण्याची चाल फार जुनी आहे. शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनीं सोयीसाठीं घातली असण्याचा संभव मोठा. एका आडनांवावरून एक रक्त ठरवूं नये; गायकवाड, शिंदे, जाधव, पवार हीं आडनांवें अनेक जातींत आहेत, आणि कित्येकांनीं तर गांवाच्या नांवावरून आडनांव नव्यानें घेतलें आहे. एज्राच्या पुस्तकांत एका याजकानें सासऱ्याच्या घराण्याचें नांव धारण केल्याचें लिहिलें आहे, तेव्हां ही अडचण आजची नव्हे. जुन्या मराठी कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा व 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'कोम' पुढें नवऱ्याचें नांव आलें कीं त्या बाईचें माहेर कागदांतून नाहींसें होतें. म्हणून आजीचा शोध आजोबांच्या शोधाहून दुप्पट कठीण जातो, आणि पुष्कळजण तो सोडूनच देतात.

मृत्युलेखाच्या स्तुतीविषयींहि सावध असावें. मेलेल्या माणसाविषयीं बरें बोलावें हा आमच्याकडील शिष्टाचार, व तो वाईट नाहीं. परंतु 'ते अत्यंत शांत स्वभावाचे होते' हें वाक्य शंभर मृत्युलेखांत सांपडलें, तर शंभरांतील किती खरोखर शांत होते हें त्यावरून कळत नाहीं. येथें लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. 'स्मृतिचित्रें' लिहितांना त्यांनीं वडिलांचें अतिरेकी सोवळें झांकलें नाहीं, कीं कवि टिळकांचा तापट व लहरी स्वभावहि झांकला नाहीं. त्यामुळें टिळकांचा मान कमी झाला काय? उलट, ते आम्हांस जिवंत माणसासारखे दिसतात. जो मनुष्य नुसत्या स्तुतींत गुंडाळून ठेविला जातो, त्यास त्याचीं पतवंडें ओळखूं शकत नाहींत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कोणी म्हणेल, 'आम्ही जुनें सर्व सोडून आलों. मग जुन्याची उठाठेव कशाला? पौलानेंहि तीमथ्याला व तीताला वंशावळींच्या नादाविषयीं बजावलें आहे.' हा आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. परंतु पौलानें निषेध केला तो वाद वाढविणाऱ्या व मनुष्यास मनुष्यावर चढविणाऱ्या वंशावळींचा. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा तर त्यानें स्वतःच पुन्हा सांगितली आहे. ज्यांनीं उपाशीं राहून आम्हांस वाढविलें, त्यांचें नांवहि ठाऊक नसणें यांत वैराग्य नाहीं. ती बेफिकिरी आहे. जुनी बंधनें सोडणें निराळें, व त्या बंधनांत खितपत पडलेल्या आपल्याच माणसांस विसरणें निराळें.

दुसऱ्या बाजूनें कोणी म्हणेल, 'मग घराण्याचा अभिमान धरला तर काय बिघडलें? आमचे पूर्वज थोर होते, हें कळल्यानें मुलें चांगलीं निघतील.' या बोलण्यांत थोडें सत्य आहे, परंतु हिशोब कच्चा आहे. प्रत्येक मनुष्याला दोन आईबाप, चार आजेआज्या, आठ पणजेपणज्या. याप्रमाणें दहा पिढ्या मागें गेलें तर एक हजार चोवीस जागा भरतात, आणि वीस पिढ्या मागें गेलें तर दहा लाखांहून अधिक. जो म्हणतो, 'दहा पिढ्यांपूर्वींचा आमचा अमका पूर्वज सरदार होता,' त्यानें एक हजार तेवीस जणांस विसरून एकाला निवडलें. त्या बाकीच्यांत लांकूडफोडे, दळणकांडण करणाऱ्या बायका, कर्जबाजारी, दुष्काळांत घर सोडणारे, बाळंतपणांत मेलेल्या सोळा वर्षांच्या मुली, असे सर्व असणार. सरदाराचें रक्त आपल्यांत असेल तर त्यांचेंहि तितकेंच आहे. मग त्या एकालाच निवडण्याचें कारण काय? कारण एकच कीं, बाकीचे आम्हांस मान देत नाहींत. याचा अर्थ असा झाला कीं, आम्ही पूर्वजांना शोधीत नव्हतों, त्यांच्या नांवानें स्वतःलाच शोधीत होतों.

यास्तव आमच्या मतें कसोटी ही आहे : ज्या पूर्वजापासून कांहींएक मान मिळावयाचा नाहीं, त्यालाहि जो 'माझा' म्हणतो, त्याचाच शोध ऋण फेडणारा. मत्तयानें दिलेली वंशावळ या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. तींत राजे आहेतच. परंतु तामार, राहाब, परदेशी रूथ आणि उरीयाची बायको यांचाहि उल्लेख आहे. हीं चार नांवें गाळलीं असतीं तर कोणी चुकीचें म्हटलें नसतें, कारण त्या वंशावळींत इतर आयांचीं नांवें बहुधा नाहींतच. लिहिणारानें तीं मुद्दाम ठेविलीं.

ही कसोटी लावण्याचा प्रसंग कसा येतो, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका घरांत अशी कथा चालत आली आहे कीं, पणजोबा अमक्या गांवचे पाटील होते, व ख्रिस्ती झाल्यामुळें त्यांची पाटिलकी गेली. नातू जुनी वही उघडतो. तेथें पणजोबांच्या नांवापुढें बापाच्या रकान्यांत रेघ आहे, वय 'सुमारें पांच' आहे, आणि शेऱ्यांत 'दुष्काळांतील अनाथ' एवढेंच आहे. आतां त्या नातवानें काय करावें? वही खोटी म्हणावी? घरीं जाऊन गप्प बसावें? कीं आजीला 'तुम्हीं आम्हांस खोटें सांगितलें' असें म्हणून तिचा अपमान करावा?

आम्हांस वाटतें, यांपैकीं कांहींच करूं नये. ती कथा कोणीं कपटानें रचली असेल असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या मुलाला बाप आठवत नव्हता, त्यानें मोठेपणीं आपल्या मुलांना द्यावयास एक बाप मनांत तयार केला असेल, तर त्यांत दुष्टपणा कोठला? तो एका पोरक्या जिवाचा आक्रोश आहे, व त्याला मान दिला पाहिजे. परंतु मान देणें म्हणजे तो इतिहास म्हणून लिहून ठेवणें नव्हे. नातवानें आपल्या घरच्या वहींत दोन ओळी लिहाव्या : 'घरांत असें सांगत' आणि 'नोंदवहींत असें आहे'. आणि बापाची जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागा लाजिरवाणी नाहीं. त्या जागेंत एक मनुष्य खरोखर होता. तो आपल्या लेंकराला घेऊन अन्नाच्या शोधांत निघाला आणि वाटेंत कोठें तरी संपला. खोट्या पाटलाचें नांव तेथें घातलें तर त्या खऱ्या बापाची जागाच बळकावली जाते. ज्यानें शेवटची भाकर मुलाला दिली असेल, त्याला त्याच्याच वंशजांनीं हुसकून लावणें, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

याच्या उलट प्रसंगहि येतो. मृत्युलेखांत 'निष्ठावंत सेवक' असें छापलेलें असतें, आणि मंडळीच्या सभेच्या वृत्तांत त्याच मनुष्यास पैशाच्या अफरातफरीबद्दल कामावरून दूर केल्याची नोंद सांपडते. तेव्हां खरें कोणतें मानावें? कदाचित् दोन्ही. मनुष्य चाळिसाव्या वर्षीं पडला व सत्तराव्या वर्षापर्यंत उठून चालला, असें पुष्कळदां घडतें. अशा वेळीं आम्ही तीन गोष्टी पाळाव्या. खोटें लिहूं नये. कारण नसतांना चारचौघांत उघड करूं नये. आणि त्या मनुष्याचे जिवंत नातलग दुखावतील अशा रीतीनें तर कधींच बोलूं नये. सत्य जाणणें आणि सत्याची दवंडी पिटणें या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु ज्यानें तें सत्य जाणलें, त्यानें पुढें त्या मृत्युलेखाच्या जोरावर दुसऱ्याच्या घराण्यास हिणवूं नये, एवढें बंधन त्याच्यावर नक्कीच पडतें.

येथें ज्यांच्या हातीं या वह्या आहेत त्या उपदेशकबंधूंस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. कित्येक जुन्या वह्यांत बाप्तिस्मा घेणाराची पूर्वींची जात लिहिलेली आहे. सोयरीक जुळवितांना 'ते मूळचे कोण?' हें काढण्यासाठीं या वह्या पाहावयास कोणी आला, तर त्यास त्या उघडून देऊं नयेत. आपल्या स्वतःच्या घराण्याची ओळ पाहण्याचा प्रत्येकास हक्क आहे. शेजाऱ्याचें मूळ उकरण्याचा नाहीं. ज्या ओळीनें एका माणसाला प्रथमच पुऱ्या नांवानें ओळखलें, त्याच ओळीनें त्याच्या पणतीचें लग्न मोडावें, याहून त्या वहीचा दुरुपयोग तो कोणता?

दाखल्यासाठीं शोध करणारांविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. आजच्या राज्यव्यवस्थेंत जुन्या नोंदीला मोठें महत्त्व आहे. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हां निजामकाळचीं दप्तरें, शाळांच्या दाखलनोंदी व गांवचीं कोतवाल बुकें पुन्हा उघडलीं, आणि मोडी जाणणारांची गरज सर्वांस कळली. आपल्या खऱ्या हक्कासाठीं खरी नोंद शोधणें यांत कांहींच कमीपणा नाहीं. मात्र ओळ सांपडली नाहीं म्हणून ओळ बनविण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. एक खाडाखोड केली म्हणजे त्या पानावरील सर्वच नांवें संशयांत येतात. आपलें काम साधतांना दहा शेजाऱ्यांचा पुरावा आपण बुडवितों.

आणि ज्यांस शोधूनहि कांहीं सांपडलें नाहीं, त्यांनीं काय समजावें? बाबेलहून परत निघालेल्या लोकांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तींत कांहीं घराणीं अशीं होतीं कीं, त्यांस आपल्या वाडवडिलांचें घराणें सिद्ध करतां आलें नाहीं. याजकांपैकीं कांहींचीं नांवें वंशावळींत सांपडलीं नाहींत, म्हणून त्यांस याजकपणापासून तूर्त दूर ठेविलें. हा भाग वाचून पुष्कळजण खिन्न होतात. परंतु लक्ष देऊन वाचलें म्हणजे असें दिसतें कीं, त्या घराण्यांची संख्याहि त्याच यादींत मोजलेली आहे. त्यांचा कागद हरवला होता, तरी परत जाणाऱ्या लोकांतून त्यांस कोणीं वगळलें नाहीं. इतरांच्या बरोबरीनें तेहि त्या वाटेनें चालत गेले. ज्याला वंशावळ नाहीं त्यालाहि वाट आहे, व ज्याला लांबलचक वंशावळ आहे त्यालाहि ती वाट पायांनींच चालावी लागते.

मागच्या पिढ्यांविषयींचें आमचें कर्तव्य इतकें झालें. परंतु ऋण मागें फेडतां येत नाहीं, तें पुढेंच फेडावें लागतें. ज्यांनीं आमची ओळ लिहून ठेविली त्यांचे उपकार आम्हीं मानावे, आणि ज्यांनीं निष्काळजीपणें रेघ ओढली त्यांच्यासारखें आपण करूं नये. म्हणून आज वही लिहितांना आईचें नांव पुरें लिहावें. शक्य असल्यास तिच्या माहेरचें गांवहि लिहावें. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नांवानंतर प्रथम आईचें नांव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें घेतला आहे. आमच्या वह्यांनीं त्यांत मागें राहूं नये. गांवाबरोबर तालुका लिहावा, कारण वडगांव व पिंपळगांव नांवाचीं गांवें पुष्कळ आहेत. वय ठाऊक नसेल तर 'सुमारें' असें लिहावें. माहिती नसेल तेथें मनानें भरूं नये. पावसाळ्यापूर्वीं वह्या कोरड्या जागीं ठेवून त्यांची नक्कल करून ठेवावी, कारण वाळवी थोर घराणें आणि लहान घराणें असा भेद जाणत नाहीं.

मृत्युलेख पाठवितांनाहि हाच नियम असावा. 'शांत, प्रेमळ व धार्मिक' हे तीन शब्द लिहून पाठविण्यापेक्षां, ती बाई पहाटे किती वाजतां उठे, कोणाच्या शेतावर मजुरीला जाई, तिनें किती मुलें वाढविलीं व किती पुरलीं, अक्षर कोणापाशीं शिकली, शेजारणीला कोणत्या अडचणींत धान्य दिलें, यांतील दोन गोष्टी खऱ्या लिहून पाठवाव्या. गांवांतील सर्वांत गरीब विधवेचा मृत्युलेख आला नाहीं, तर उपदेशकानें तो स्वतः लिहावा. धनवानाचा लेख लिहिणारे पुष्कळ भेटतात. तिचा लेख लिहिणारा एखादाच असतो.

शंभर वर्षांनीं एखादी मुलगी या गांवीं येईल व वही मागेल. ती कोणत्या देशांतून येईल, कोणती भाषा बोलेल, आज कोणास सांगतां येत नाहीं. तिला थोर पूर्वज सांपडेलच असें नाहीं. परंतु जें सांपडेल तें खरें असावें, आणि जेथें आम्हांस माहीत नव्हतें तेथें जागा प्रामाणिकपणें कोरी असावी, एवढी व्यवस्था आज आमच्या हातीं आहे. ती आपण करूं या.